आयेशाच्या कप्तानाचे उरलेले आयुष्य

एम्डेन या जर्मन युद्धनौकेची कथा भारतातील इतिहासप्रेमींना नव्याने सांगावी लागत नाही. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री तिने मद्रासच्या बंदरावर तोफा डागल्या, बर्मा ऑइल कंपनीच्या तेलाच्या टाक्या पेटवल्या आणि ती अंधारात निघून गेली. तिच्या नावाची धास्ती इतकी बसली की तमिळ बोलीत धूर्त, धाडसी आणि सहज हाती न लागणाऱ्या माणसाला ‘एम्डन’ म्हणण्याची रीत पडली. कथेचा उत्तरार्धही तितकाच लोकप्रिय आहे. एम्डेन नष्ट झाली, पण तिची एक तुकडी जुनाट शिडाच्या गलबतातून निसटली आणि समुद्र, वाळवंट व टोळीवाल्यांच्या गोळ्या पार करून २३ मे १९१५ रोजी कॉन्स्टँटिनोपलला पोहोचली. तेथे स्वागत होते, सलामी दिली जाते आणि कथा संपते.

त्या तुकडीचा नायक हेलमुथ फॉन म्युके त्या दिवशी ३३ वर्षांचा होता. तो १९५७ पर्यंत जगला. म्हणजे नायकाच्या आयुष्यातील ४२ वर्षे कथेबाहेर राहतात. याच वर्षांत तो नाझी पक्षाचा आमदार झाला, त्याच पक्षातून बाहेर पडला आणि त्याच पक्षाच्या राजवटीत तुरुंगात गेला. हा धागा त्या वगळलेल्या वर्षांविषयी आहे. मात्र त्यांचा अर्थ लावण्यासाठी आधी समुद्रावर जावे लागेल, कारण म्युकेला राजकारणात जी किंमत आली ती समुद्रावरच्या सात महिन्यांमुळे.

म्युकेचा जन्म २५ जून १८८१ रोजी सॅक्सनीतील झ्विकाऊ येथे झाला. युद्ध पेटले तेव्हा तो एम्डेनवर कप्तानाखालोखालचा अधिकारी होता. कप्तान कार्ल फॉन म्युलर हा मितभाषी, काटेकोर आणि शत्रूच्या खलाशांशीही सभ्यतेने वागणारा माणूस. चीनमधील त्सिंगताओच्या जर्मन तळावरून निघालेली ही नौका मुख्य ताफ्यापासून वेगळी होऊन एकटीच हिंदी महासागरात शिरली. तिला तीन धुराडी होती. ब्रिटिश क्रूझर यार्मथला चार. शिडाचे कापड आणि लाकूड वापरून एम्डेनवर चौथे खोटे धुराडे उभारण्यात आले. ही युक्ती म्युकेची, असे मानले जाते. त्या सोंगाच्या आधारे तिने बंगालच्या उपसागरात एकामागून एक व्यापारी जहाजे पकडली, मद्रासवर सुमारे १२५ गोळे टाकले आणि २८ ऑक्टोबरला पेनांगच्या बंदरात शिरून रशियाची झेमचुग ही क्रूझर बुडवली.

येथे एक गैरसमज दूर केलेला बरा. मद्रासवरील हल्ल्याच्या वेळी भारतीय क्रांतिकारक चेम्पकरामन पिल्लै एम्डेनवर होते, असे अनेक ठिकाणी अभिमानाने लिहिले जाते. ते त्या दिवसांत युरोपात होते. त्यांचे बर्लिनमधील कार्य खरे आणि महत्त्वाचे आहे. त्याला एम्डेनच्या तोफांची फोडणी देण्याची गरज नाही. मद्रासवरचा हल्ला ही दोन साम्राज्यांमधील चकमक होती. तो भारताच्या मुक्तीसाठी केलेला नव्हता. उच्च न्यायालयाच्या आवारातील फलक त्या रात्रीची आठवण ठेवतो.

९ नोव्हेंबर १९१४ च्या सकाळी एम्डेन कोकोस बेटांपाशी आली. तेथील डायरेक्शन बेटावर ब्रिटिशांचे तारायंत्र केंद्र होते. ते मोडून टाकण्यासाठी म्युके ५० जणांची तुकडी घेऊन किनाऱ्यावर उतरला. युद्धाच्या इतिहासात इतक्या सौजन्याने पार पडलेला विध्वंस क्वचितच सापडेल. बिनतारी संदेशाचा खांब पाडायचा होता. तो आमच्या टेनिसच्या मैदानावर पाडू नका, अशी विनंती केंद्रातील कर्मचाऱ्यांनी केली आणि जर्मनांनी ती मानली. पण केंद्रावरून मदतीची हाक आधीच गेली होती. जवळच असलेली ऑस्ट्रेलियन क्रूझर सिडनी धावून आली. एम्डेनला आपली माणसे किनाऱ्यावर सोडून लढाईला निघावे लागले. काही तासांत ती नॉर्थ कीलिंग बेटाच्या खडकांवर चढलेले जळके लोखंड होऊन पडली. तिच्यावरील १३० हून अधिक माणसे मेली.

किनाऱ्यावरून म्युकेने हे पाहिले. बेटाच्या खाजणात आयेशा नावाचे ९७ टनांचे, तीन डोलकाठ्यांचे गलबत नांगरलेले होते. एरवी पाच-सहा माणसे चालवीत असलेल्या त्या गलबतावर त्याने आपली ५० माणसे, चार मशीनगन आणि मिळेल तेवढे अन्नपाणी चढवले, जर्मन निशाण फडकावले आणि संध्याकाळी नांगर उचलला. पिण्याचे पाणी कमी पडले. पावसाची वाट पाहत शिडे ताणून थेंब गोळा करावे लागले. २७ नोव्हेंबरला ते डच सुमात्रातील पाडांगला पोहोचले. तटस्थ बंदरात २४ तासांपेक्षा अधिक थांबण्याची मुभा नव्हती. पुन्हा समुद्र. डिसेंबरच्या मध्यास चोईझिंग या जर्मन मालवाहू आगबोटीची ठरल्याप्रमाणे गाठ पडली. आयेशाला जलसमाधी देण्यात आली आणि मंडळी अरबस्तानच्या दिशेने निघाली.

पुढचा भाग अधिक कठीण होता. जानेवारी १९१५ मध्ये ते येमेनमधील होदेदा येथे उतरले. डोंगरातून सानामार्गे पुढे जाण्याचा प्रयत्न तापाने हाणून पाडला. मग दोन अरबी होड्यांतून तांबड्या समुद्राच्या कडेकडेने उत्तरेकडे. एक होडी प्रवाळखडकावर फुटली. मग उंटांचा काफिला. एप्रिलच्या आरंभी जेद्दाजवळ बदाऊनी टोळ्यांनी त्यांना गाठले. तीन दिवस वाळूत, उंटांची खोगिरे आणि पोती यांच्या आडोशाने, हे खलाशी लढले. लेफ्टनंट श्मिट याच्यासह काही जण तेथेच कामी आले. अखेर मक्केचा शरीफ हुसेन याची माणसे आली आणि वेढा उठला. हाच हुसेन पुढच्या वर्षी तुर्की सुलतानाविरुद्ध बंड करणार होता, हे तेव्हा तुकडीतील कोणाच्या ध्यानीमनी नसणार.

मे महिन्याच्या आरंभी काफिला हिजाझ रेल्वेच्या अल-उला स्थानकावर पोहोचला. तेथे एक जर्मन पत्रकार त्यांची वाट पाहत होता. बर्लिनर टागेब्लाट या वृत्तपत्राचा हा प्रतिनिधी म्युकेच्याच वयाचा. दोघांचा जन्म १८८१ चा. त्याने आलेल्या कप्तानाला विचारले, आधी स्नान की आधी ऱ्हाइनची वाइन? म्युकेने वाइन मागितली. हा प्रसंग त्या पत्रकाराच्या वृत्तान्तामुळे जगभर गेला. वाळवंटातून आलेल्या तुकडीची कहाणी जगापुढे प्रथम सविस्तर मांडणाऱ्यांत तो अग्रभागी होता.

त्याचे नाव एमिल लुडविग. ब्रेस्लाऊमधील ज्यू कुटुंबात जन्मलेला, पुढे नेपोलियन आणि बिस्मार्क यांच्या चरित्रांमुळे जगप्रसिद्ध झालेला लेखक. हे नाव वाचकाने लक्षात ठेवावे.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ही विजयी तुकडी दमास्कसहून उत्तरेकडे, अनातोलियातून राजधानीकडे गेली तो काळ मे १९१५ चा. २४ एप्रिलला कॉन्स्टँटिनोपलमध्ये आर्मेनियन पुढारी आणि लेखक यांची धरपकड झाली होती आणि त्याच वसंतात त्या लोकसमूहाची हद्दपारी व कत्तल सुरू झाली होती. पुष्पहार आणि हद्दपारी यांचे दिवस एकच होते. वीरकथेच्या चौकटीत मात्र एकाच गोष्टीला जागा होते.

म्युकेने त्याच वर्षी ‘एम्डेन’ आणि ‘आयेशा’ ही दोन पुस्तके लिहिली. ती धडाक्याने खपली, त्यांची इंग्रजी भाषांतरेही निघाली. खंदकांत सडणाऱ्या युद्धाला कंटाळलेल्या वाचकांना शिडे, उंट आणि खोटी धुराडी हवीच होती. याउलट कप्तान म्युलरने युद्धानंतरही पुस्तक लिहिण्यास नकार दिला. आपल्या सोबत्यांच्या रक्तावर पैसा मिळवल्यासारखे वाटेल, हे त्याचे कारण. म्युलरही राजकारणात गेला होता. राष्ट्रवादी पक्षातर्फे तो ब्राउनश्वाइगच्या विधिमंडळात बसला. पण १९२३ मध्येच तो वारला आणि पुढच्या दशकाने त्याची परीक्षा घेतली नाही. म्युकेला ती द्यावी लागली.

युद्ध संपताना जर्मन नौदलाची जी अवस्था झाली, ती समजून घेतल्याखेरीज पुढचे काही कळत नाही. नोव्हेंबर १९१८ मध्ये कीलच्या खलाशांनी बंड केले आणि त्या ठिणगीतून साम्राज्यच कोसळले. २१ जून १९१९ रोजी स्कापा फ्लो येथे नजरकैदेत असलेल्या जर्मन ताफ्याने स्वतःला बुडवून घेतले. ७४ पैकी ५२ जहाजे तळाशी गेली. व्हर्सायच्या तहाने नौदलाला अवघ्या १५,००० माणसांची मर्यादा घातली. अधिकाऱ्यांच्या दृष्टीने ही बेकारी आणि बेअब्रू एकाच वेळी होती. सैन्याने निदान चार वर्षे लढाई केली होती. नौदलाचे मोठे ताफे बहुतेक काळ बंदरात उभे राहिले आणि शेवटी तेथूनच क्रांती सुरू झाली, ही बोच त्यांना सतावत राहिली. एर्हार्ट ब्रिगेड ही कुप्रसिद्ध निमलष्करी फौज एका नौदल अधिकाऱ्याची होती. मार्च १९२० मध्ये ती सरकार उलथवण्यासाठी बर्लिनमध्ये शिरली तेव्हा तिच्या शिरस्त्राणांवर स्वस्तिक रंगवलेले होते.

त्याच ब्रिगेडमध्ये मान्फ्रेड फॉन किलिंगर हा दुसरा सॅक्सन होता. म्युकेहून पाच वर्षांनी लहान, त्याच्यासारखाच उमराव घराण्यातील, त्याच्यासारखाच नौदलातील अधिकारी. जटलंडच्या लढाईत त्याने टॉर्पेडो बोट चालवली होती. ब्रिगेड मोडल्यावर तो ‘ऑर्गनायझेशन कॉन्सुल’ या गुप्त संघटनेच्या पुढाऱ्यांपैकी एक झाला. ऑगस्ट १९२१ मध्ये या संघटनेच्या माणसांनी माजी अर्थमंत्री माथियास एर्झबर्गर याला गोळ्या घातल्या. किलिंगरवर साथ दिल्याचा खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. जून १९२२ मध्ये याच वर्तुळातील मारेकऱ्यांनी ज्यू परराष्ट्रमंत्री वाल्टर राथेनाऊ याचा खून केला. तरुणपणी ख्रिस्ती झालेला एमिल लुडविग या खुनानंतर जाहीरपणे ख्रिस्ती धर्मातून बाहेर पडला. किलिंगरने पुढे आपल्या बंडखोर दिवसांतील ‘गंभीर आणि गमतीच्या’ आठवणींचे पुस्तक लिहिले. १९१९ मध्ये म्युनिकमध्ये एका स्त्रीला चाबकाने फोडून काढायला लावल्याचा प्रसंग त्यात तो चवीने सांगतो.

म्युके अशा टोळ्यांचा माणूस नव्हता. तो सभांचा, लेखणीचा आणि व्याख्यानांचा माणूस होता. नौदल सोडल्यावर तो राष्ट्रवादी राजकारणात शिरला आणि १९२० च्या दशकात नाझी पक्षात दाखल झाला. हा पक्ष तेव्हा लहान होता, पण त्याचे म्हणणे गुप्त नव्हते. फेब्रुवारी १९२० च्या २५ कलमी कार्यक्रमात चौथ्याच कलमात लिहिले होते की केवळ जर्मन रक्ताचाच माणूस नागरिक होऊ शकेल आणि कोणीही ज्यू होऊ शकणार नाही. वाचता येणाऱ्या प्रत्येकाला ते वाचता येत होते. म्युकेला तर लिहिताही येत होते.

१९२६ च्या निवडणुकीत सॅक्सनीच्या विधिमंडळात नाझी पक्षाला दोन जागा मिळाल्या. त्यांपैकी एक म्युकेची. दीड टक्क्याच्या आसपास मते मिळवणाऱ्या पक्षाला आयेशाचा कप्तान काय देत होता, हे उघड आहे. रस्त्यावर मारामाऱ्या करणाऱ्या तरुणांच्या टोळक्याला त्याने ओळखीचा, प्रतिष्ठित चेहरा दिला. ज्याची पुस्तके घराघरांत होती, ज्याच्या शौर्याविषयी शत्रूलाही शंका नव्हती, असा माणूस व्यासपीठावर बसला की त्याच्या शेजारी बसलेल्यांचीही पत वाढते. उधारीचा हा व्यवहार आहे आणि त्यात उधार देणारा निर्दोष राहत नाही. ज्याची कीर्ती एका ज्यू पत्रकाराच्या लेखणीने जगभर पोहोचवली, त्याच माणसाने ती कीर्ती ज्यूंना नागरिकत्व नाकारणाऱ्या पक्षाच्या गल्ल्यात टाकली. यावर पांघरूण घालणारी कोणतीही वीरकथा अपुरीच म्हणावी लागेल.

यापुढे १९२९ चे वर्ष येते. मे महिन्यातील निवडणुकीत सॅक्सनीत नाझींच्या जागा ९६ पैकी ५ झाल्या. संख्या किरकोळ, पण डाव्यांना बहुमत नाही आणि उजव्या व मध्यममार्गी पक्षांनाही नाही. तराजूची दांडी या पाच जणांच्या हाती आली. म्युके पक्षाच्या नावातील ‘समाजवादी’ हा शब्द गांभीर्याने घेणाऱ्यांपैकी होता. उद्योगपतींच्या पक्षांपेक्षा कामगारांच्या पक्षांशी जुळवून घ्यावे, असे त्याला वाटे. त्याने सोशल डेमोक्रॅट आणि कम्युनिस्ट नेत्यांना पत्र लिहून, नाझी पक्ष डाव्या सरकारला चालू देईल अशी तयारी दर्शवली. जुलैमध्ये सोशल डेमोक्रॅटांनी ते पत्र भर विधिमंडळात उघड केले. हिटलरने हात झटकले. म्युकेने सांगितले की हे सारे हिटलरला माहीत होते. नाझी आमदारांची मते अखेर उदारमतवादी म्हणवणाऱ्या उद्योगस्नेही पक्षाच्या विल्हेल्म ब्युंगर याला मुख्यमंत्री करण्यास गेली. त्याच महिन्यात हिटलर राष्ट्रीय पातळीवर वृत्तपत्रसम्राट आल्फ्रेड हुगेनबर्ग याच्याशी हातमिळवणी करीत होता. मोठ्या पैशाची दारे उघडू लागली होती आणि एका कप्तानाचे पत्र अडचणीचे ठरत होते.

म्युकेने पक्ष सोडला आणि पक्षावर जाहीर आरोप केले. पक्ष धनिकांच्या वळचणीला जात आहे, ही त्याची तक्रार.

येथे दोन सोप्या निष्कर्षांचा मोह होतो. पहिला असा की नायक भरकटला होता, पण त्याला वेळीच सत्य दिसले. हा निष्कर्ष खरा नाही. म्युके ज्या मुद्द्यावर बाहेर पडला तो ज्यूद्वेषाचा नव्हता. लोकशाहीच्या रक्षणाचाही नव्हता. पक्ष आपल्या घोषणेतील समाजवादाशी बेइमानी करतो आहे, हे त्याचे दुखणे होते. घराच्या पायाला हरकत नव्हती. वरच्या मजल्यावर कोणाला राहू दिले यावरून भांडण झाले. त्याला आरंभापासूनचा नाझीविरोधक म्हणून सादर करणारे लेखन इतिहासावर उपकार करीत नाही.

दुसरा निष्कर्ष असा की मग या पक्षत्यागाला काहीच किंमत नाही. तोही टिकत नाही, आणि त्याचे कारण तारखांत आहे. मे १९२८ च्या राष्ट्रीय निवडणुकीत नाझींना २.६ टक्के मते मिळाली होती. सप्टेंबर १९३० मध्ये ती १८.३ टक्के झाली, जागा १०७. म्युके या दोहोंच्या मधोमध बाहेर पडला, म्हणजे पक्षात थांबण्याचे फळ मिळू लागणार होते नेमक्या त्या वेळी. ज्याच्या अंगावर आयेशाचे वलय आहे अशा जुन्या सदस्याला १९३३ नंतर काय काय मिळू शकले असते, याची कल्पना करणे अवघड नाही. प्रत्यक्षात ते कोणाला मिळाले, हे किलिंगरच्या आयुष्यात दिसते.

म्युके ज्या वर्षी बाहेर पडला, त्याच १९२९ मध्ये किलिंगर नाझी आमदार म्हणून सॅक्सनीच्या विधिमंडळात आला. मार्च १९३३ मध्ये तो सॅक्सनीचा राइशआयुक्त झाला आणि मेमध्ये मुख्यमंत्री. त्याच्या अमलाखाली ड्रेस्डेनजवळच्या होनस्टाइन किल्ल्यात आणि इतरत्र राजकीय कैद्यांच्या छावण्या भरल्या. ज्या सोशल डेमोक्रॅट आणि कम्युनिस्ट पक्षांना म्युकेने पत्र लिहिले होते, त्यांचीच माणसे तेथे मार खात होती. १९३४ मध्ये र्‍योमच्या हत्याकांडात किलिंगर स्वतःही पकडला गेला, पण वाचला. मुख्यमंत्रिपद गेले तरी राजवटीने त्याला टाकले नाही. सॅन फ्रान्सिस्कोत महावाणिज्यदूत, १९४० मध्ये स्लोव्हाकियात राजदूत, जानेवारी १९४१ पासून रुमानियात राजदूत. बुखारेस्टमधील त्याच्या दूतावासात ज्यूंसंबंधी खास सल्लागार बसत असे आणि १९४२ मध्ये रुमानियातील ज्यूंना बेल्झेकच्या मृत्युछावणीत पाठवण्याची योजना तेथे आकार घेत होती. ती पूर्ण झाली नाही, पण त्याचे श्रेय किलिंगरला नाही. रुमानियाच्या शासकांनीच त्या शरदात हात आखडता घेतला. ऑगस्ट १९४४ मध्ये रुमानियाने बाजू बदलली. २ सप्टेंबरला, सोव्हिएत सेना बुखारेस्टमध्ये असताना, किलिंगरने दूतावासात आत्महत्या केली.

एकच प्रांत, एकच नौदल, एकच पराभव, एकच पक्ष. ‘काळच तसा होता’ हे वाक्य इतिहासाच्या चर्चेत वरचेवर ऐकू येते. म्युके आणि किलिंगर या दोघांना तोच काळ लाभला होता. एकाने कोणत्याही पायरीवर पाय मागे घेतला नाही. दुसऱ्याने उशिरा, चुकीच्या वाटणाऱ्या कारणासाठी, अपुऱ्या जाणिवेने का होईना, घेतला. काळ सर्वांना समान दाबत असता तर हा फरक पडला नसता.

या दोघांच्या मध्ये बसणारा तिसरा नौदल अधिकारीही तरुण वाचकांच्या ओळखीचा असेल. मार्टिन नीम्योलर हा पाणबुडीचा कप्तान, पुढे पाद्री. त्याने नाझींना मत दिले, नंतर चर्चमधील हस्तक्षेपाला विरोध केला आणि १९३८ ते १९४५ छळछावणीत काढली. युद्ध सुरू होताच त्याने छावणीतूनच नौदलात सेवा करण्याची तयारी कळवली होती. त्याच्या चरित्रकारांना ते पान अवघड जाते. नेमके तेच म्युकेच्या बाबतीतही घडते.

१९३३ नंतर म्युकेच्या वाट्याला संशय, लेखनावर बंदी आणि तुरुंग आला. ज्या पक्षाला त्याने आपली पत दिली होती त्या पक्षाने ती वापरून झाल्यावर त्यालाच देशद्रोही ठरवले. तरीही १९३९ मध्ये युद्ध पेटल्यावर या माणसाने आपल्या जुन्या नौदलाला सेवा देऊ केली. ती राजकीय कारणास्तव नाकारण्यात आली. तुरुंग दाखवणाऱ्या राजवटीचे युद्ध लढण्याची इच्छा त्याला का झाली असावी? गणवेशाची ओढ, देश आणि सरकार यांतील फरक न कळणे, की फरक कळूनही देश सोडवत नाही ही अवस्था, यांपैकी काहीही असू शकते. हे पान वगळून त्याला शांततावादी संत करणे सोयीचे आहे. त्याच्या शांततावादाला खरे वजन येते ते मात्र हे पान जागेवर ठेवल्यावरच.

कारण तो शांततावाद १९४५ नंतर खरोखर दिसतो. पश्चिम जर्मनीत पुन्हा सैन्य उभारण्याचा विचार सुरू झाला तेव्हा सत्तरीकडे झुकलेला हा वृद्ध कप्तान त्याविरुद्ध उभा राहिला. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत शस्त्रसज्जतेला विरोध करणारा माणूस सहज कम्युनिस्टांचा हस्तक ठरे. म्युकेची गणना पुन्हा एकदा गैरसोयीच्या लोकांत झाली. या वेळी तो ज्या बाजूला उभा होता तेथे मते, मंत्रिपद किंवा सलामी यांपैकी काही मिळण्यासारखे नव्हते. ज्याने आपल्या तारुण्यात युद्धाला सर्वांत आकर्षक रूप देणारी पुस्तके लिहिली, त्याने म्हातारपणी बंदूक नको म्हणावे, यात कोणाला विसंगती दिसेल. पण १९१५ मधील त्याच्या वाचकांची मुले दुसऱ्या युद्धात मेली होती, आणि त्या पुस्तकांचा त्यांच्या कल्पनांशी किती संबंध होता हा प्रश्न त्याच्याइतका दुसऱ्या कोणाचा नव्हता.

एमिल लुडविगची गोष्ट येथेच पुरी करावी लागेल. मे १९३३ मध्ये बर्लिनमध्ये पुस्तकांची होळी झाली तेव्हा ज्या लेखकांची नावे मोठ्याने पुकारून ग्रंथ आगीत टाकले, त्यांत तो होता. ‘जर्मन इतिहासाचा विपर्यास’ हा त्याच्यावरील आरोप. तो आधीच स्वित्झर्लंडमध्ये राहत होता. पुढे अमेरिकेत गेला आणि १९४८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वारला. अल-उलाच्या स्थानकावर वाइन मागणारा कप्तान आणि ती देणारा पत्रकार यांचा तो क्षण आजही एम्डेनच्या प्रत्येक गोष्टीत येतो. वाइन देणाऱ्याचे नाव मात्र बहुधा गळते.

म्हणून एम्डेनची कथा पुढे धाडणाऱ्या तरुण वाचकांनी ती अवश्य धाडावी. ती थरारक आहे आणि मुख्यत्वे खरी आहे. खोटे धुराडे, टेनिसचे मैदान, आयेशाची शिडे, जेद्दाजवळची वाळू हे सारे घडले. फक्त तिचा शेवटचा मुक्काम कॉन्स्टँटिनोपल नव्हे, हेही त्यात असावे. त्या स्थानकावरून सुटलेली गाडी पुढे ड्रेस्डेनच्या विधिमंडळात थांबली, मग तुरुंगाच्या दारात आणि नंतर एका अप्रिय सभेच्या व्यासपीठावर. यांपैकी एकच थांबा निवडून त्याला माणसाचे नाव देणे, हा खोट्या धुराड्याचाच प्रकार होय.

पश्चिम जर्मनीचे नवे सैन्य १९५५ मध्ये अस्तित्वात आले आणि पुढच्याच वर्षी सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदा झाला. ३० जुलै १९५७ रोजी हॅम्बर्गजवळच्या आरेन्सबुर्ग येथे म्युकेचे निधन झाले. दोन वर्षांनी, मार्च १९५९ मध्ये, त्या नव्या नौदलासाठी बांधलेल्या एका फ्रिगेटचे जलावतरण झाले. तिचे नाव एम्डेन.